पैसे अडतात कुठे?



निमंत्रणपत्रिकेच्या कच्च्या मजकुरात माझ्या नावाआधी 'ज्येष्ठ समाजसेविका' असं आलं होतं. ते मी काढायला लावलं. ज्येष्ठ आहे, ते लपण्यासारखं नाही. पण समाजसेवा माझ्या नावावर जमा नाही. मी संस्थांसाठी देणग्या मागण्याची नोकरी केली आणि ती पगार घेऊन केली. आता संस्थांच्या विश्वस्तांना त्यांचं काम शिकवते, तेही फी घेऊन. समाजसेवा ज्यांनी केली त्यांच्या मागे मी हिशेबाच्या वह्या धरून उभी होते, इतकंच.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात ते सर या वाचनालयाचे अनेक वर्षं कोषाध्यक्ष होते. आपल्याकडे अध्यक्षांच्या नावाने सभागृहं होतात, देणगीदारांच्या नावाने खोल्या होतात; कोषाध्यक्षाच्या वाट्याला फक्त ऑडिट येतं. एखाद्या गावाने कोषाध्यक्षाच्या नावाने व्याख्यानमाला चालवावी, हे मला फार आवडलं. म्हणून विषयही त्यांच्या टेबलावरचाच घेतला आहे.

'पैसे मिळत नाहीत हो' ही तक्रार मी माझ्या कामात सर्वांत जास्त ऐकली. वसतिगृहवाले, वृद्धाश्रमवाले, विशेष मुलांच्या शाळा चालवणारे, सगळ्यांची हीच. मला ती पुरती पटत नाही. 'लोकसत्ता' २०११ पासून दर गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात काही संस्थांची ओळख छापतो आणि महाराष्ट्रभरातून वाचक धनादेश पाठवतात. त्यात पेन्शनर असतात, शिक्षक असतात, पहिल्या पगाराची मुलं असतात. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिथे लोक संस्थेसाठी धावतात आणि मित्रांकडून पैसे गोळा करतात. देणारे आहेत. पैसे अडतात ते बरेचदा संस्थेच्या आत, विश्वस्तांच्या बैठकीच्या खोलीत. मी त्या खोलीबाहेर पैसे मागायचं काम सोडून खोलीत शिरले, ते याच कारणाने. त्याविषयी आज बोलणार आहे.

आधी थोडं मागे जाऊ. देणगी मागण्यात महाराष्ट्राने कुणाकडून धडे घेण्याची गरज नव्हती. अण्णासाहेब कर्वे सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठासाठी युरोप-अमेरिका फिरले आणि पुढे आफ्रिकेतही गेले. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर त्यांनी झोळी पसरली. त्याच विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाख रुपये देऊ केले, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं, आणि एवढ्या मोठ्या रकमेबरोबर अटीही आल्या. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था मूठमूठ धान्यावर जगली. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही गेलं.

या गोष्टी आपण भाषणात सांगतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. मला त्यांत एक व्यवहाराची बाब दिसते. मागणारा आणि जबाबदार असणारा माणूस एकच होता. कर्व्यांनी पैसे मागायला कुणी अधिकारी नेमला नव्हता. देणाऱ्याने 'संस्थेत काय चाललंय?' असं विचारलं, तर उत्तर देणारा समोरच उभा असे आणि त्याने स्वतःचं आधीच घातलेलं असे.

आणि ते भांडत. हे मात्र आपण सांगायचं टाळतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. तिचे आजीव सदस्य दरमहा पंचाहत्तर रुपयांवर राबायला तयार झालेले तरुण. पुढे प्रश्न निघाला: आजीव सदस्याने बाहेरची कामं करून कमवावं का? वेतन वाढवावं का? संस्थेला दिलेला वेळ म्हणजे नेमका किती? टिळक एका बाजूला, आगरकर आणि बाकीचे बरेचजण दुसऱ्या बाजूला. गोखले सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतात म्हटल्यावर वाद आणखी पेटला. अखेर १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला, लांबलचक कारणमीमांसेसकट. आपण याकडे दोन थोर माणसांचं दुर्दैवी बिनसणं म्हणून पाहतो. मी माझ्या प्रशिक्षणात तो नियामक मंडळाचा उत्तम नमुना म्हणून सांगते. सभासद संस्थेचं काय देणं लागतो, यावर माणसं जीव तोडून भांडली. आज मी ज्या मंडळांत जाते तिथे भांडण होतच नाही. 'सर्वानुमते मंजूर'. हा मला रोग वाटतो.

आता माझ्याविषयी थोडं. मी या कामात आले ती नव्वदच्या दशकात, पुण्यातल्या एका संस्थेत. हुद्दा 'जनसंपर्क'; काम देणग्या. त्या काळी सगळं पत्रांवर चालायचं. टेलिफोन डिरेक्टरीतून, क्लबांच्या सभासद-याद्यांमधून नावं काढायची, पत्र, माहितीपत्रक आणि परतीचं छापील पाकीट असा गठ्ठा करायचा, दिवाळीआधी पोस्टात टाकायचा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन. ३१ मार्चला संध्याकाळी धनादेश घेऊन पावती देऊन यायचं, कारण त्या तारखेनंतर ८०जी या करसवलतीच्या पावतीची किंमत देणाऱ्याच्या दृष्टीने वर्षभर लांबायची. (आता नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, त्यामुळे पगारदार देणगीदारांपुढे आमचं निम्मं भाषण फुकट गेलं. गेलं ते बरं झालं. करासाठी देणारा कर बदलला की जातो.)

मागायला मी कधी लाजले नाही. आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या या लाजेचं मला कोडं आहे. गणपतीच्या वर्गणीसाठी पाचव्या मजल्यापर्यंत जिने चढून बेल वाजवणारा माणूस, त्याच्या स्वतःच्या शाळेसाठी मित्राकडे पाचशे रुपये मागायचे म्हटले की घसा खाकरायला लागतो. मला जे थोडंफार जमलं ते असं: माणूस कामाकडे बघून देतो हे अर्धसत्य आहे, ओळखीच्या माणसाने विचारलं म्हणून देतो. अनोळखी पत्राला उत्तर क्वचित येतं. 'मी दिलेत, तूही दे' असं शेजाऱ्याने म्हटलं की येतं. म्हणजे देणगी मागायला सर्वांत लायक माणूस संस्थेचा कर्मचारी नसतो. तो संस्थेचा विश्वस्त असतो. पण विश्वस्तांना हे कुणी सांगायचं? पगारावर असलेल्या बाईने?

२०१४ मध्ये सीएसआरचा कायदा अंमलात आला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी, यांपैकी एक तरी रेषा ओलांडणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. सगळ्या संस्थांत एकदम उत्साह. मीही कंपन्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. त्या सुमारास एका संस्थेच्या कामासाठी एका कंपनीने चांगली रक्कम मंजूर केली. काम पाहून गेले, मुलांबरोबर जेवले, सगळं झालं. मग कागद मागितले. धर्मादाय कार्यालयाच्या शेड्यूल वन ची, म्हणजे ट्रस्ट आणि त्याच्या विश्वस्तांच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल, विश्वस्तांचे पॅन आणि करारावर सही करण्याचा अधिकार देणारा विश्वस्त मंडळाचा ठराव.

नक्कल हातात आली. तिच्यावर सात नावं. दोघे वारलेले. एक मुलाकडे न्यू जर्सीला, तिकडचेच झालेले. एकांनी रागाने राजीनामा लिहून दिला होता. तो फाइलला लावला आणि विषय तिथेच राहिला. उरले तीन. घटनेप्रमाणे गणसंख्या चार. म्हणजे ठराव करायला संस्थेत कायद्याने माणसंच नव्हती. मधल्या काळात घेतलेले नवे चार विश्वस्त बैठकांना येत होते, चहा घेत होते, इतिवृत्तावर सह्या करत होते. पण त्यांची नावं नोंदीवर चढवायचा चेंज रिपोर्ट कुणी दाखलच केला नव्हता. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत तो द्यायचा असतो. 'वकिलांना सांगितलं होतं की' असं उत्तर मिळालं. आर्थिक वर्ष संपत आलं होतं. कंपनीने ते पैसे दुसरीकडे दिले. कंपनीची काही चूक नव्हती. त्यांच्या ऑडिटरने विचारलं असतं तर त्यांनी तरी काय सांगायचं?

पैसा दारात येऊन परत गेला, आणि तो अडवला कुणी? दोन दिवंगत आणि एका रागावलेल्या विश्वस्ताने. त्या वर्षी मी कितीही पत्रं पाठवली असती, कितीही फोन केले असते, तरी या एका कागदापुढे त्यांचा उपयोग नव्हता. नोकरी सोडायची ठरवली ती तेव्हा. यात त्यागबिग काही नव्हता. मला कळलं होतं की ज्या कामाची गरज आहे त्यासाठी अजून कुणी हुद्दाच तयार केलेला नाही.

सल्लागार म्हणून बाहेर पडल्यावर पहिला प्रश्न मोबदल्याचा आला. त्यावर जरा थांबते, कारण या गावातही तो निघेल. बहुतेक संस्थांचा पहिला प्रस्ताव एकच असे: 'ताई, आणाल त्यातले दहा टक्के तुमचे.' दिसायला सोयीचं आहे. पैसे आले तर द्यायचे, नाही आले तर नाहीत. मी नाही म्हणत असे. अमेरिकेत निधी-संकलकांची जी मोठी व्यावसायिक संघटना आहे तिच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर काम करायला मनाई आहे. पण मला त्यासाठी अमेरिकेची साक्ष लागली नाही. एखाद्या आजींनी मुलींच्या फीसाठी लाख रुपये दिले आणि त्यातले दहा हजार माझ्या घरी गेले हे त्या आजींना कळलं, तर त्या पुढच्या वर्षी कुणालाच देणार नाहीत. शिवाय टक्केवारीवरचा माणूस जिथून पैसा लवकर येईल तिथेच जातो. पाच वर्षं ओळख ठेवून मग मृत्युपत्रात संस्थेचं नाव लिहिणाऱ्या देणगीदाराकडे तो कशाला थांबेल? आणि खरी गोष्ट अशी की टक्केवारीत सगळी जोखीम मागणाऱ्याच्या अंगावर आणि विश्वस्त मोकळे. मी दिवसाची फी सांगायचे. काही संस्था तिथेच उठल्या. ज्या राहिल्या त्यांनी पैसे मोजलेले असल्यामुळे माझं ऐकलं.

शिकायला जे मिळालं ते दोन ठिकाणांहून. मुंबईत १९८६ पासून काम करणाऱ्या सेंटर फॉर अॅडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी या संस्थेने आपल्या ट्रस्टांना कायदा समजावून सांगण्याचं मोठं काम केलं आहे. दुसरं अमेरिकेतलं: हेन्री रोसो यांनी १९७४ मध्ये निधी-संकलनाची शाळाच काढली, पुढे ती इंडियाना विद्यापीठात गेली. तिथल्या जगात नियामक मंडळाच्या सभासदाला सांगण्याची एक रोखठोक रीत आहे: स्वतः द्या, दुसऱ्याकडून आणा, नाहीतर जागा मोकळी करा. ऐकायला खणखणीत. मी सुरुवातीला ती इथे वापरून पाहिली आणि माझं मत बदललं. ती जशीच्या तशी लावली तर आपल्या मंडळांवर फक्त कारखानदार, बिल्डर आणि डॉक्टर उरतील. वसतिगृहात वाढून पुढे प्राथमिक शिक्षक झालेला माणूस मंडळावर असणं मला एखाद्या उद्योगपतीइतकं मोलाचं वाटतं. मुलांना रात्री किती वाजता भूक लागते हे त्याला माहीत असतं. पण त्याच्या वाट्याला शून्य ठेवणं हाही त्याचा अपमान आहे. म्हणून मी रक्कम ठरवत नाही. एवढंच म्हणते की दरवर्षी प्रत्येक विश्वस्ताच्या नावाची पावती फाटली पाहिजे. पाचशेची असो, पाच लाखांची असो. देणगीदाराने विचारलं, 'तुमचे विश्वस्त देतात का?' तर 'सगळे देतात' या दोन शब्दांचं उत्तर मिळालं पाहिजे. 'आम्ही वेळ देतो ना!' हे मला रोज ऐकायला मिळतं. वेळ संस्थेचे कर्मचारीही देतात, आणि विश्वस्तांपेक्षा कितीतरी जास्त देतात.

आता प्रशिक्षणात मी नेमकं काय करते ते सांगते. लोकांना वाटतं, फळ्यावर कलमं लिहीत असेन.

एका तालुक्याच्या गावातलं वसतिगृह. रविवार, सकाळी अकरा. अभ्यासिकेतली बाकं एकत्र ओढून टेबल केलेलं, कागदाच्या बशांत पोहे. मंडळी जमली: निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष, एक डॉक्टर, एक निवृत्त बँक मॅनेजर, संस्थापकांचे चिरंजीव, एक वकील, माहेरवाशीण म्हणून घेतलेल्या एक बाई. मी प्रत्येकाच्या हातात एका संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि जमाखर्च दिला, परिशिष्ट आठ आणि नऊ, नाव-गाव काळ्या शाईने झाकलेलं. सोबत ऑडिटरचा अहवाल. म्हटलं, तुमच्या एका मित्राला या संस्थेला पन्नास हजार रुपये द्यायचे आहेत, द्यावेत का ते तुम्ही सांगा.

सगळे सरसावले. बँक मॅनेजर म्हणाले, "बचत खात्यात एवढी रक्कम लोळतेय. मुदत ठेव का नाही केली?" डॉक्टरांचं बोट 'येणे रकमा' या ओळीवर. "अॅडव्हान्स दोन वर्षं तसाच. कुणाकडे आहे हा?" वकील ऑडिटरच्या अहवालात शिरले. आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या नियमांत, नियम १९ मध्ये, ऑडिटरने कोणकोणत्या गोष्टी तपासून लिहायच्या याची यादीच आहे. सभा घटनेप्रमाणे नियमित होतात का? इतिवृत्ताचं पुस्तक ठेवलं आहे का? विश्वस्तांची संख्या घटनेत ठरलेल्या मर्यादेत आहे का? कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का? ही यादी जुनी आहे, आणि मला विचाराल तर परदेशातल्या 'सुशासना'च्या पुस्तकांपेक्षा शहाणी आहे. वकिलांनी वाचून दाखवलं, "निविदा: नाही. धनको: होय. हे काय चाललंय या संस्थेत?" मुख्याध्यापकांनी निकाल दिला, "मित्राला सांगा, पैसे खिशात ठेव."

तेवढ्यात त्या बाई ताळेबंदाच्या डाव्या बाजूला थांबल्या. "अहो, ही अकरा हजार एकशे अकराची ठेव... ही माझ्या वडिलांच्या नावाची आहे."

ताळेबंद त्यांचाच होता. त्यानंतर जो गोंगाट झाला त्याने मला समाधान वाटलं. निविदा का नाहीत यावर चिरंजीव आणि डॉक्टरांची जुंपली. अॅडव्हान्स कुणाकडे आहे हे बँक मॅनेजरांना त्याच दिवशी कळलं, आणि ज्यांच्याकडे होता तेही तिथेच होते. दुपारच्या जेवणाला कुणी उठेना. त्या मंडळाने स्वतःचा ताळेबंद तोवर कधी वाचलाच नव्हता. ऑडिटर यायचे, सह्या व्हायच्या. शिपाई इतिवृत्ताचं पुस्तक घेऊन घरोघर फिरायचा.

त्यातली 'धनको: होय' ही बाब आणखी नाजूक. मार्चमध्ये पगाराला पैसे नसले की संस्थापक स्वतःच्या खिशातून दोन लाख घालत आणि सरकारी अनुदान आलं की परत घेत. व्याज नाही, स्वार्थ नाही. सगळ्यांना त्यांचा अभिमान. पण सार्वजनिक ट्रस्टने कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, मग ते कर्ज देणारा कितीही साधू असो. संस्थापक हयात असेपर्यंत कुणी विचारत नाही. ते गेल्यावर त्यांच्या वारसांनी 'बाबांचे दोन लाख' मागितले की मंडळाला घाम फुटतो. मी संस्थापकांना सांगते: उसने देऊ नका, देणगी द्या आणि पावती घ्या. कुणी ऐकतं. कुणी म्हणतं, "आमच्या संस्थेत असला हिशेबीपणा नाही." असं म्हणणाऱ्या संस्थेची मला जास्त काळजी वाटते.

अशीच एक भूषणाने सांगितलेली गोष्ट म्हणजे 'आमचा प्रशासकीय खर्च शून्य'. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत. याचा अर्थ हिशेबनीस फुकट राबतो, किंवा तो नाहीच, किंवा त्याचा पगार दुसऱ्या कुठल्या रकान्यात दडवला आहे. देणगीदारांनाही हे ऐकायला आवडतं आणि सरकारलाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली गेली. मला त्या वीस टक्क्यांचं काही नाही. पण शून्याचा गर्व नको. चेंज रिपोर्ट दाखल करायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला पगार लागतो. देणगीदाराला हे तोंडावर सांगण्याचं धैर्य कर्मचाऱ्यात नसतं. विश्वस्ताने सांगितलं तर तो ऐकतो.

मागायला शिकवणं त्या मानाने सोपं आहे. प्रत्येकाला एका कागदावर ओळखीची वीस नावं लिहायला सांगते. मग त्यांतली ज्यांच्या घरी स्वतः चहाला जाऊ शकाल अशी पाच ठेवा. त्या पाचांना संस्था दाखवायला आणा. पैसे त्याच दिवशी मागायचे नाहीत. पाचांतला एक तरी स्वतःच विचारतो, 'आम्ही काय करू शकतो?' तिथून पुढे विश्वस्ताला शिकवावं लागत नाही.

आता निराशेचीही बाजू सांगितली पाहिजे. काही कंपन्यांनी संस्थांना 'विश्वस्त मंडळाचं प्रशिक्षण झालं आहे का' असं विचारायला सुरुवात केली आहे. त्यामुळे मला अशीही बोलावणी येतात की दोन तासांत आटपा, फ्लेक्सपुढे सगळ्यांचा फोटो काढा, प्रमाणपत्र द्या. मी जात नाही असं नाही. कधी गेलेही आहे, म्हटलं दोन तासांत एखादा तरी ताळेबंद उघडेल. पण अशा ठिकाणी काही बदलल्याचं मला दिसलेलं नाही. जागेचा विषय आला की माझं प्रशिक्षण सपशेल अपुरं पडतं. संस्थेची शहरातली जागा आता सोन्याची झाली आहे आणि मंडळावर एक जण बांधकाम व्यवसायातला आहे, अशी दोन वाक्यं एकत्र आली की मी वकिलाला बोलवायला सांगते. कलम ३६ प्रमाणे जागा विकायला आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते; ती कलमं मी समजावू शकते, हेतू समजावू शकत नाही.

सगळ्यांत अवघड दुखणं मुदतीचं आहे. आपल्याकडच्या असंख्य जुन्या ट्रस्टच्या घटनेत विश्वस्त तहहयात. ज्यांनी लिहिलं त्यांना वाटलं, याने स्थैर्य येईल. आलं ते असं की ज्या खोलीत नवा माणूस पंचवीस वर्षांत आलेला नाही तिथे नवा देणगीदारही येत नाही. घटना बदलता येते, आयुक्तांकडून योजना बदलून घ्यायची तरतूद कायद्यात आहे. पण त्यासाठी बसलेल्यांनी स्वतःच्या उठण्याचा ठराव करावा लागतो. मी त्यासाठी आता एक साधा मार्ग सुचवते. घटनेला हात लावण्याआधी, वयाची साठी ओलांडलेल्या प्रत्येक विश्वस्ताने चाळिशीच्या आतला एक माणूस निमंत्रित म्हणून बैठकीला आणावा. मताचा अधिकार नको, पण ताळेबंदाची प्रत त्याच्याही हातात हवी. काही ठिकाणी हे सुरू झालं आहे. त्या वसतिगृहात अशी जी पहिली निमंत्रित आली ती तिथेच राहून शिकलेली, आता पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करणारी मुलगी आहे. पहिल्याच बैठकीत तिने विचारलं की मुलींच्या न्हाणीघराची दुरुस्ती गेली तीन अंदाजपत्रकं 'पुढील वर्षी' या शेऱ्यावर का आहे. उत्तर कुणाकडे नव्हतं. दुरुस्तीच्या निविदा मागवल्या आहेत. तीन आल्यात, त्यांतल्या सर्वांत स्वस्त निविदेवर अध्यक्ष आणि डॉक्टर यांचं अजून एकमत झालेलं नाही.

इथे पहिल्या दोन रांगांत बसलेल्यांपैकी बरेचजण कुठल्या ना कुठल्या संस्थेवर विश्वस्त आहेत, हे मला कार्यवाहांनी आधीच सांगून ठेवलं आहे. त्यामुळे प्रश्न तिथूनच आधी घेऊ. प्रश्न नसतील तर तुमच्या संस्थेच्या शेड्यूल वन वर आज किती नावं आहेत आणि त्यांतली किती हयात आहेत, एवढंच सांगितलं तरी चालेल.